मीटर कुणाच्या नावावर?



अभ्यासवर्गासाठी मला विषय दिला होता, 'गरीब कुटुंबांच्या वीज आणि गॅसच्या बिलाला मिळणारी सरकारी मदत'. मला वाटलं, योजनांची यादी करायची, कुणाला काय मिळतं ते सांगायचं, कागद कोणते लागतात ते सांगायचं आणि खाली बसायचं. यादी केलीही. पण ती करता करता आमच्याच घरातली एक गोष्ट माझ्यापुढे आली आणि दोन दिवस मला नीट झोप लागली नाही. ती गोष्ट आधी सांगतो. यादीचा अर्थ त्याशिवाय लागत नाही.

आमचं घर जुनं आहे, दादाजानांनी म्हणजे अब्बांच्या वडिलांनी बांधलेलं. वर आम्ही राहतो. खाली तीन खोल्या भाड्याने आहेत, तिन्हींत वेगवेगळी कुटुंबं. वरच्या मजल्याला एक मीटर आणि खालच्या तिन्ही खोल्यांना मिळून एक. खालच्या प्रत्येक खोलीत अब्बांनी छोटं सबमीटर बसवलंय. महिना संपला की अब्बा आकडे लिहून घेतात, बाराने गुणतात आणि प्रत्येकाच्या दारात चिठ्ठी देतात. युनिटला बारा रुपये. वर्षानुवर्षं हेच चालत आलंय आणि मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही.

मधल्या खोलीत एक खाला राहतात. नवरा सोडून गेलेला, मुलगा दहावीत. शिवणकाम करतात. मे महिन्यात मी त्यांच्याकडे एक कपडा शिवायला द्यायला गेलो, तर खोलीत उकडत होतं आणि पंखा बंद. मी म्हटलं, "खाला, पंखा बिघडलाय का?" त्या म्हणाल्या, "नाही रे बेटा. मुलगा शाळेतून आला की लावते. दिवसभर लावला तर तुझ्या अब्बांची चिठ्ठी मोठी येते."

मी सॉफ्टवेअर लिहितो. बिलिंगचं काम बरीच वर्षं केलंय, त्यामुळे बिल कसं तयार होतं ते मला कळतं. त्या रात्री मी खालच्या मीटरचं बिल पहिल्यांदा ओळीने वाचलं. एवढी वर्षं मी फक्त शेवटचा आकडा बघून मोबाइलवरून पैसे भरत होतो.

आता जरा हिशेब करू. फळ्यावर लिहितो, तुम्हीही कागदावर मांडा.

महावितरणच्या घरगुती दरात टप्पे आहेत. पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढे आणखी महाग. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून मी गोल आकडे घेतो: पहिल्या टप्प्याला युनिटमागे साडेचार रुपये आणि दुसऱ्याला दहा रुपये. गेल्या काही वर्षांचे दर याच आसपास आहेत. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीहून जास्त असतो, ही मुख्य गोष्ट. त्यावर वहन आकार, साधारण सव्वा रुपया धरा, सोयीसाठी १.२०. शिवाय मीटरमागे स्थिर आकार महिन्याला सुमारे १३० रुपये, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क.

खालच्या प्रत्येक खोलीत महिन्याला ९० युनिटं लागतात असं धरू. तीन खोल्यांची २७०. एकाच मीटरवर असल्यामुळे पहिली १०० युनिटं साडेचारने, म्हणजे ४५० रुपये. उरलेली १७० दहाने, म्हणजे १,७००. वहन आकार ३२४, स्थिर आकार १३०. बेरीज २,६०४. वीज शुल्क धरून सुमारे ३,०२०.

आता हीच तीन कुटुंबं तीन वेगळ्या मीटरवर आहेत असं समजा. प्रत्येकाची ९० युनिटं पहिल्याच टप्प्यात बसतात: ४०५ रुपये. वहन आकार १०८, स्थिर आकार १३०. शुल्क धरून एका कुटुंबाचं बिल सुमारे ७४६. तिघांचं मिळून २,२३८. स्थिर आकार तीनदा भरूनही महिन्याला जवळपास ७८० रुपये कमी.

खाला आम्हाला किती देत होत्या? ९० गुणिले १२, म्हणजे १,०८०. वेगळं मीटर असतं तर ७४६. महिन्याला ३३४ रुपयांचा फरक, वर्षाला चार हजार.

इथे अब्बांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. एकत्र मीटरचं बिल ३,०२० येतं, म्हणजे युनिटला अकरा रुपयांच्या वर. इंधन समायोजनाची भर पडली की बारा होतात. अब्बा लबाडी करत नव्हते. ते म्हणायचे की मला यात काही सुटत नाही, आणि ते खरंच होतं. तरीही खालांचे वर्षाला चार हजार रुपये जात होते.

मग ते जात कुठे होते? टप्प्यांच्या दराचा हेतू चांगला आहे. जो कमी वीज वापरतो तो बहुधा गरीब, म्हणून त्याला स्वस्त द्यायची. जो जास्त वापरतो त्याच्याकडून जास्त घ्यायचं आणि त्यातून पहिल्याची सवलत भागवायची. पण बिलिंगच्या यंत्रणेला माणसं दिसत नाहीत, तिला ग्राहक क्रमांक दिसतो. तिच्या लेखी आमच्या खालच्या मजल्यावर एकच ग्राहक राहतो, जो महिन्याला २७० युनिटं वापरतो, म्हणजे बऱ्यापैकी सुखवस्तू. एक पंखा, दोन दिवे आणि शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईला यंत्रणेने सुखवस्तू ठरवलं आणि सवलतीचा भार उचलणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं.

मित्रहो, आता यादीकडे येऊ. प्रत्येक योजनेला एकच प्रश्न विचारू: ही मदत नेमकी कुणाच्या नावाला चिकटलेली आहे?

दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांसाठी महावितरणचा आणखी स्वस्त दर आहे. अट अशी की वर्षाला ३६० युनिटांच्या आत राहायचं, म्हणजे महिन्याला ३०. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. तो रोज बारा तास चालवला तर महिन्याला २७ युनिटं एकटा पंखाच खातो. नऊ वॅटचा एक दिवा सहा तास लावला तर दीड युनिटाच्या वर. एक पंखा आणि एक दिवा यातच मर्यादा संपत आली. मोबाइल चार्ज केला, थोडा वेळ टीव्ही लावला की घर त्या दरातून बाहेर. ही सवलत मिळवायचीच तर उन्हाळ्यात पंखा बंद ठेवावा लागेल. आणि तीन कुटुंबांच्या मीटरवर ती मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरी उज्ज्वला. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियामध्ये सुरू झाली. गरीब घरातल्या प्रौढ स्त्रीच्या नावावर गॅसजोडणी, आणि सुरुवातीला जोडणीमागे १,६०० रुपयांची मदत होती. आज देशात अशा दहा कोटींहून जास्त जोडण्या आहेत. हे काम मोठं आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. आपल्या आज्ज्यांचे डोळे चुलीच्या धुराने कसे लाल व्हायचे ते आपल्याला माहीत आहे. पण जोडणी एकदाच मिळते आणि टाकी पुन्हा पुन्हा भरावी लागते. म्हणून मे २०२२ मध्ये टाकीमागे २०० रुपयांचं अनुदान सुरू झालं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० झालं. २०२५-२६ साठी वर्षाला नऊ टाक्यांपर्यंत ते मंजूर झालं. तरीही उज्ज्वलाचं घर वर्षाला सरासरी चार-साडेचार टाक्याच भरतं.

मुंबईत एप्रिल २०२५ मध्ये टाकीचा दर ८५२ रुपये ५० पैसे झाला. अनुदान वजा जाता ५५२. खालांची उज्ज्वलाची जोडणी आहे. केंद्र सरकार त्यांना टाकीमागे ३०० देतं. नऊच्या नऊ टाक्या घेतल्या तर वर्षाला २,७००. आणि एकत्र मीटरमुळे त्यांच्या हातून जातात ४,०००. त्या चार हजारांत अनुदानाच्या दरातल्या सात टाक्या येतात. त्या महिन्याच्या शेवटी लाकडं का आणतात, ते मला त्या रात्री कळलं. त्याआधी मी समजत होतो की ती जुनी सवय असेल.

तिसरी आपल्या राज्याची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना, २०२४ ची. उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीण योजनेतल्या पात्र घरांना वर्षाला तीन टाक्या मोफत. अट अशी की गॅसजोडणी स्त्रीच्या नावावर हवी. योजना जाहीर झाली तेव्हा आपल्या मोहल्ल्यात काय धावपळ झाली होती ते आठवा. जोडणी अब्बांच्या, सासऱ्यांच्या, नवऱ्याच्या नावावर. बायकोचं नाव लावायला लोक एजन्सीच्या दारात रांगा लावून उभे होते. स्वयंपाक आयुष्यभर तिने केला आणि गॅसच्या पुस्तकात तिचं नाव नव्हतं.

चौथी, पीएम सूर्यघर, फेब्रुवारी २०२४ पासून. छतावर सौर पॅनेल बसवायला एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,०००, तीन आणि त्याहून जास्तीला ७८,००० अनुदान. उत्तम योजना. ज्याच्याकडे छत आहे त्याने जरूर घ्यावी. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचं छत म्हणजे वरच्या मजल्याची फरशी.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांना वीजदरात सवलत मिळते. त्या सवलतीसाठी संघटना भांडल्या, मोर्चे निघाले, आणि ती मिळायलाच हवी होती. पण मागाला स्वतःचं मीटर आहे, म्हणून सवलत मागापर्यंत पोचते. तो माग चालवणारा कामगार ज्या खोलीत झोपायला जातो तिथे मीटर खोलीमालकाचं असतं. त्या खोलीच्या बिलासाठी मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की मदत माणसाच्या गरिबीला चिकटलेली नाही. ती एका कागदाला चिकटलेली आहे: मीटर, जोडणी, छत, रेशनकार्ड. ज्याचं नाव त्या कागदावर आहे त्याच्यापर्यंत ती पोचते. ज्याचं नाही, तो कितीही गरीब असला तरी रांगेच्या बाहेर.

आपल्या समाजात हा प्रश्न जास्त टोचतो, त्याला कारण आहे. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवून दिलं की मुसलमानांचं शहरात राहण्याचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. २००१ च्या जनगणनेनुसार सुमारे ३६ टक्के, तर एकूण लोकसंख्येत २८ टक्के. शहर म्हटलं की जुने वाडे, चाळी, एका भिंतीला चिकटून दुसरी खोली, भाडेकरूचा भाडेकरू. हे फक्त मुसलमानांचं दुखणं आहे असं मी म्हणत नाही. आमच्या खालच्या तीन खोल्यांपैकी एका खोलीत लातूरकडचं मातंग कुटुंब राहतं, त्यांचंही बिल बारानेच गुणलं जात होतं. गरिबाचा धर्म मीटर विचारत नाही.

सरकारला चुली मोजता येत नाहीत, असंही नाही. जनगणनेत कुटुंबाची व्याख्या कशी करतात? एका चुलीवर ज्यांचं जेवण शिजतं ते एक कुटुंब. एका छताखाली तीन चुली असतील तर प्रगणक तीन कुटुंबं लिहून घेतो. जनगणना घरात दिव्यासाठी वीज आहे की रॉकेल हेही विचारते. मीटर कुणाचं, हे विचारत नाही. एक खातं चुलीने मोजतं, दुसरं मीटरने, आणि दोन्ही नोंदी कधी शेजारी ठेवल्या जात नाहीत.

दुसरीकडे यावर काय केलंय तेही पाहू. दिल्लीत ऑगस्ट २०१९ पासून महिन्याला २०० युनिटांपर्यंत बिल शून्य झालं. लगेच हाच प्रश्न उभा राहिला: भाडेकरूचं काय? तो तर मालकाला ठरलेल्या दराने पैसे देतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथे भाडेकरूंसाठी प्रीपेड मीटरची योजना आली. भाडेकरार किंवा भाड्याची पावती दाखवायची, ३,००० रुपये अनामत भरायची, मालकाच्या संमतीपत्राची गरज नाही. कर्नाटकात जुलै २०२३ पासून गृहज्योती योजनेत २०० युनिटांपर्यंत वीज मोफत आहे. तिथेही भाडेकरूंनी आवाज उठवला आणि त्यांनाही अर्ज करता येईल असं सरकारला स्पष्ट करावं लागलं. पण तिथेही हिशेब मीटरचाच. २०० च्या वर गेलं की पूर्ण बिल, मग त्या मीटरवर एक चूल असो की तीन.

अमेरिकेत १९८१ पासून गरीब घरांना थंडीतल्या हीटिंगच्या आणि उन्हाळ्यातल्या कूलिंगच्या खर्चासाठी मदत देणारा कार्यक्रम आहे, त्याला लिहीप म्हणतात. त्याच्या कायद्यात एक अट आहे: घरमालक आणि भाडेकरू यांना समान न्यायाने वागवू, अशी हमी प्रत्येक राज्याने द्यायची. त्या कार्यक्रमात दोष बरेच आहेत. ती हक्काची मदत नाही, मंजूर पैसा संपला की मदत संपते. पण भाडेकरूचा विचार मूळ कायद्यातच लिहून ठेवला, हे मला घेण्यासारखं वाटतं.

इतकं सगळं वाचून मी अब्बांना म्हटलं, खालच्या तिघांना वेगळी मीटरं घेऊ द्या. अब्बा रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मीटर दिलं की खोली गेली."

हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. इथे बसलेल्यांपैकी काहींनी म्हटलंही असेल. भाडेकरूच्या नावाने वीजबिल आलं की तो त्या कागदावर हक्क सांगेल, ही भीती. ती खोटी आहे असं म्हणून चालणार नाही, कारण जुन्या भाडेकरूंशी वीस-वीस वर्षं कोर्टात भांडलेली घरं आपल्यात आहेत. म्हणून मी कायदा वाचला. जे समजलं ते सांगतो.

विद्युत कायदा २००३, कलम ४३. वीज कंपनीने जागेच्या मालकाने किंवा ताबेदाराने अर्ज केला की वीज द्यायची आहे. कायद्यात शब्दच तसे आहेत, मालक किंवा ताबेदार. मे २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वीज ही मूलभूत गरज आहे, आणि मालक ना-हरकत देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो का, एवढंच कंपनीने पाहायचं. राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्याचं, १९९९ च्या कायद्याचं, कलम २९ सांगतं की मालकाने भाडेकरूची वीज-पाण्यासारखी आवश्यक सेवा तोडायची किंवा अडवायची नाही.

म्हणजे मीटर अडवून मालकाला संरक्षण मिळत नाही. मालकाचं खरं संरक्षण त्याच कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे: भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी व्हावी. ही जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. तोंडी व्यवहारावर खोली द्यायची आणि मीटर अडवून ठेवायचं, यात मालक आणि भाडेकरू दोघंही उघडे पडतात.

अब्बांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "ठीक आहे, करार करू." मग करार करायला बसलो आणि खरी अडचण तिथे निघाली. करारावर मालक म्हणून सही कुणी करायची? मिळकत पत्रिकेवर अजून दादाजानांचं नाव. त्यांना जाऊन वीस वर्षं होऊन गेली. मीटरही त्यांच्याच नावावर. आम्ही इतकी वर्षं एका मय्यत माणसाच्या नावाने बिल भरत होतो.

वारस नोंद करायची तर सगळे वारस आले. अब्बा, दोन चाचा आणि दोन फूफी. चाचांशी बोलणं सोपं होतं. फूफींना मात्र या घराबद्दल कुणी कधी काही विचारलंच नव्हतं. आपल्यात शरियतमध्ये मुलीचा वाटा ठरलेला आहे हे आपण भाषणात अभिमानाने सांगतो, आणि घरात म्हणतो, "तिने माफ केलाय." केव्हा माफ केला, कुणासमोर केला, तिला विचारलं होतं का, याची नोंद कुठेच नसते. अब्बा धाकट्या फूफीकडे गेले. जाताना त्यांच्या पिशवीत हक्कसोडचा कागद होता, हे मी लपवणार नाही. फूफी म्हणाली, "भाईजान, तुम्हाला घर सोडा असं मी कधी म्हणणार नाही. पण माझं नाव असू द्या. अब्बांच्या घरावर माझं नाव असू द्या."

अब्बा तो कागद तसाच परत घेऊन आले. आज आमच्या मिळकत पत्रिकेवर पाच नावं आहेत, त्यात दोन्ही फूफींची आहेत. तीन भाडेकरूंच्या वीजबिलाचा प्रश्न सोडवायला निघालो होतो, आणि आमच्या घरातल्या बायकांचा हक्क वीस वर्षांनी कागदावर आला. मी याचं श्रेय घेत नाही. मी फक्त एक बिल वाचलं होतं, तेही उशिरा.

तिन्ही करारांची नोंदणी झाली. दोन खोल्यांना मीटरं बसली. खालांचं रखडलं, कारण त्यांच्या रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव आणि त्याच्याच गावचा पत्ता. अर्जाच्या खिडकीवर त्यांना सांगितलं, नवऱ्याला घेऊन या. दहा वर्षांपूर्वी निघून गेलेल्या माणसाला कुठून आणायचं? आम्ही पुन्हा गेलो, नोंदणी झालेला करार आणि खालांचं स्वतःचं आधार कार्ड पुढे ठेवलं आणि अर्जाची पोच मागितली. वीज ग्राहकांच्या हक्कांचे केंद्राचे २०२० चे नियम साध्या घरगुती जोडणीसाठी दोनच पुरावे मागतात: एक ओळखीचा, दुसरा मालकीचा किंवा ताब्याचा. नवऱ्याची हजेरी त्यात नाही. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार अर्ज पूर्ण असेल आणि नवी लाइन ओढावी लागणार नसेल तर महानगरात तीन दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रात सात दिवसांत आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत जोडणी द्यायची आहे. पोच हातात आली, आणि पोच आली की कामाची गती बदलते. खालांच्या दारावर आता त्यांच्या नावाचं मीटर आहे. पहिलं बिल आलं ते त्यांनी मला वाचायला दिलं नाही, स्वतःच वाचून दाखवलं. आधी नाव, मग रक्कम.

आता आपल्याला काय करता येईल ते सांगतो. आधी जे आपल्या हातात आहे ते.

एक, घरमालकांनी. तुमच्या एका मीटरवर किती चुली आहेत ते मोजा. दोन किंवा जास्त असतील तर आज फळ्यावर केला तो हिशेब घरी करा. लेखी करार करा, नोंदणी करा आणि भाडेकरूला मीटर घेऊ द्या. एक इशारा देतो: एकाच कुटुंबाने टप्पा वाचवायला दोन मीटरं लावायची, हा उद्योग यात बसत नाही. वेगळी जागा, वेगळी चूल, वेगळं राहणं खरंच असलं पाहिजे. कंपनी तपासणीला येते आणि यायलाच हवी.

दोन, वारसांनी. मीटर, पाणीपट्टी, मिळकत पत्रिका, जे जे मय्यत माणसाच्या नावावर आहे ते हयात माणसांच्या नावावर करा. त्यात बहिणींची नावं घाला. विचारून घाला, आणि काढायची असतील तर तेही त्यांनाच विचारा.

तीन, रमजानमध्ये आपण थकलेली बिलं भरून देतो. चांगलं काम आहे. पण पुढच्या रमजानमध्ये तेच घर, तेच बिल, पुन्हा थकलेलं. यंदा तो पैसा कुणाच्या नव्या मीटरच्या अनामतीला, करारनोंदणीच्या खर्चाला किंवा जुना पंखा बदलायला वापरून पाहा. कमी वीज खाणारा नवा पंखा २८-३० वॅटचा येतो. रोज बारा तासांच्या हिशेबाने महिन्याला सोळा-सतरा युनिटं वाचतात. जकातीतून हे चालेल का, ते तुमच्या आलिमांना विचारा. साध्या वर्गणीतून नक्कीच चालतं.

आणि सरकारकडे मागायचं ते हे. भाडेकरूंच्या मीटरसाठी वॉर्डावॉर्डात शिबिरं घ्या. २०२१ मध्ये उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना रेशनकार्ड आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचं घोषणापत्र चाललं होतं, तसं इथेही चालू द्या. आणि जिथे जागेमुळे वेगळं मीटर बसवणं शक्यच नाही, तिथे तपासणी करून त्या मीटरवर किती चुली आहेत ते नोंदवा आणि टप्प्याची मर्यादा तितक्या पटीने वाढवा. तीन चुली असतील तर पहिला टप्पा १०० ऐवजी ३०० चा. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा बदल अवघड नाही, हे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगतो. अवघड आहे ती तपासणी, आणि तिच्यासाठी आपल्यासारखे लोक गल्लीगल्लीत मदत करू शकतात. याचा गैरफायदा घेणारे निघतील का? निघतील. ज्यांच्याकडे ऐपत आहे त्यांनी मजल्यामजल्याला मीटरं आधीच घेतलेली आहेत. त्यांच्या भीतीने खालांची सवलत अडवण्यात न्याय नाही.

अर्ज अडला तर तक्रार तोंडी करू नका. लेखी करा, पोच घ्या. तिथे भागलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. दोन्ही याच कायद्याने दिलेले आहेत.

पुढच्या रविवारी याच जागी, याच वेळी आपण पुन्हा बसणार आहोत. येताना प्रत्येकाने आपल्या घरचं एक वीजबिल आणायचं. ज्यांना चिठ्ठी येते त्यांनी चिठ्ठी आणायची. बिलावर नाव कुणाचं आहे, ते माणूस हयात आहे का आणि त्या मीटरवर किती चुली पेटतात, हे तीन रकाने आपण भरणार आहोत. अब्बाही येणार आहेत. त्यांनी सांगितलंय की सबमीटरच्या आकड्यांची त्यांची जुनी वही ते घेऊन येतील.